बाकावरचा हंगाम

मला बास्केटबॉल कुणी शिकवला असं कुणी विचारलं, की मी उज्ज्वलाचं नाव सांगते. ऐकणाऱ्याला वाटतं, ही आमची कोच असेल, नाहीतर विद्यापीठाच्या संघातली कुणी नावाजलेली खेळाडू. उज्ज्वला यातलं काहीच नव्हती. ती माझ्या शेजारी बसायची. आमच्या कॉलेजच्या मुलींच्या संघात नऊच जणी होत्या; त्यांत मी आठवी आणि ती नववी. आत पाच जणी खेळायच्या, दोघी आलटून पालटून जायच्या, आणि बाकाच्या टोकाला आम्ही दोघी असायचो. आज मी एका कॉलेजात मुलींना खेळ शिकवते, मुली मला मॅडम म्हणतात. मला शिकवण्यासारखं जे काही येतं, ते त्या टोकावरून आलेलं आहे.

सोयाबीन काढायला आली, की ती मला हटकून आठवते. दसरा होऊन गेलेला असतो, दिवाळी यायची असते. पाऊस संपलेला आणि ऊन मात्र उन्हाळ्याला लाजवील असं. दुपारभर कुठूनतरी मळणीयंत्राची घरघर येत राहते. हवेत बारीक भुसकट असतं, ते घामाला चिकटतं आणि मान खाजत राहते. सध्या मी मानवतला खोली घेऊन राहते. खोलीसमोरच्या रस्त्याच्या कडेला परवा कुणीतरी सोयाबीन वाळत घातली. एसटी आली की ड्रायव्हर गाडी जरा आत घेतो, तरी एखादं चाक कडेवरून जातंच आणि दाणे तडतडतात. तो कोरडा, किंचित कडवट वास खिडकीतून आत आला, तेव्हा मी चहा गाळत होते. गाळणी हातातच राहिली. बाकीच्यांना हा सुगीचा वास वाटत असेल. मला तो बाकाचा वास वाटतो.

कारण कॉलेजांचे सामने नेमके याच दिवसांत असतात. आम्ही मुली म्हणायचो, ज्यानं हे वेळापत्रक बनवलंय त्याच्या घरी शेत नसणार. गंगाखेडच्या कॉलेजात आमच्या वर्गातल्या निम्म्या मुली काढणीला गावाकडे जायच्या. ज्या मागे राहायच्या त्यांतून संघ व्हायचा. मी अशीच संघात आले. खेळाच्या सरांनी मला व्हरांड्यात उभं असलेलं पाहिलं आणि म्हणाले, "उंची हाय पोरीला. घरून सोडतेत का?" मी हो म्हणाले. तेवढ्यावर माझी निवड झाली. बॉल तोवर मी हातात धरलासुद्धा नव्हता.

खरं तर घरून मला सहज सोडलं नव्हतं. आमच्या घरात मी कॉलेजला गेलेली पहिलीच. भाऊंचं, म्हणजे माझ्या वडिलांचं, शिक्षण चौथीपर्यंत; आई शाळेत गेलेली नाही. काढणीच्या दिवसांत घरातल्या प्रत्येकाच्या वाट्याला सोयाबीनची एक पात येते, म्हणजे वाकून कापत न्यायचा एक पट्टा. मी सामन्यांसाठी हॉस्टेलवर थांबले, की माझी पात आई घ्यायची. स्वतःची संपवून पुन्हा बांधावर यायची आणि माझी धरायची. हे मला माझ्या भावानं सांगितलं, आईनं कधी नाही. ती फोनवर फक्त विचारायची, "खेळलीस का गं बाई आज?"

"हो, जिंकलो ना," मी म्हणायचे.

"किती गोल केले?"

"आई, याच्यात गोल नसतात गं."

"बरं, जे काय असंल ते. लागलं तर न्हाई ना कुठं?"

लागायला आत जावं लागतं. पण हे मी तिला सांगत नसे. 'जिंकलो' या शब्दात मी आरामात मावत होते आणि तिकडे माझ्या वाटचं वाकून वाकून तिची कंबर धरत होती. बाकावर बसलं की मला समोरचा सामना कमी दिसायचा, ती पात जास्त.

बाकावर बसणं हेही एक काम आहे. आम्हाला ते नीट येत होतं. आमच्या संघात एक रीत होती. सामन्याआधी खेळणाऱ्या मुलींनी कानातले, नाकातली चमकी, बोटातली अंगठी काढायची आणि रुमालात बांधून आमच्याकडे द्यायची. अंगावर दागिना असला की रेफरी आत घेत नाहीत. त्या गाठोड्यात कुणाच्या आईची कानातली फुलं असायची, कुणाच्या साखरपुड्यातली चमकी. "सविता, जिवापाड जपून धर हं," म्हणून प्रत्येक जण बजावून जायची. मग सामना संपेपर्यंत ती गाठ माझ्या मुठीत. आमचे स्वतःचे कानातले मात्र कानातच राहायचे. ते काढायला आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

टाळ्या वाजवायच्या, पाणी द्यायचं, "डिफेन्स, डिफेन्स" ओरडायचं. गर्दीत बसूनही माणूस इतकं एकटं असू शकतं, हे मला त्या बाकानं दाखवलं. आपल्याच रंगाची जर्सी घातलेल्या मुली समोर पळत असतात, त्यांचा घाम दिसतो, धाप ऐकू येते, आणि आपल्या जर्सीला धुलाईची घडीसुद्धा तशीच असते. आपण हरलो तर आपण हरत नाही. जिंकलो तरी आपण जिंकत नाही. आणि फोटोत आपण असतो.

"ए चौदा," उज्ज्वला मला माझ्या जर्सीच्या नंबरानं हाक मारायची. तिचा पंधरा. "कशाला तोंड पाडून बसलीस? आपल्यासारखी सावलीची जागा हाय का कुणाला?"

तिच्या घरी मेंढरं होती. थोडी कोरडवाहू जमीन आणि बाकी मेंढरं. तिचे वडील कळप घेऊन फिरतीवर असायचे. ती आजोळी राहून शिकली. काळीसावळी, बुटकी, हसली की डोळे मिटणारी. बास्केटबॉलला उंची लागते असं सगळे म्हणायचे. उज्ज्वला म्हणायची, "रिंग उंच हाय, मान्य हाय मला. पण बॉल तर खालूनच जातो ना?"

कॉलेजच्या मागे सिमेंटचं कोर्ट होतं. काढणीच्या दिवसांत त्याच्या निम्म्या भागावर सोयाबीन वाळत पडलेली असायची. आसपास एवढं सपाट सिमेंट दुसरीकडे नव्हतं, आणि शेजारच्या शेतकऱ्याला नाही म्हणणं कुणाला जमत नव्हतं. राहिलेल्या निम्म्यात खेळणाऱ्या सात जणींचा सराव चालायचा. आम्हाला सर म्हणायचे, "तुमी जरा बाजूला हातपाय मोकळे करा." ते रागीट नव्हते, पण बाजूला म्हणजे कुठं, हे त्यांनी कधी सांगितलं नाही.

ते उज्ज्वलानं शोधलं. ज्यांची सोयाबीन होती त्या मामांना ती जाऊन भेटली. "मामा, आमी दोघी रोज तुमचा माल पायानं हलवून देतो. तेवढी त्या रिंगखालची जागा सोडा की आमाला."

मामा म्हणाले, "आन् बॉल दाण्यात आला म्हणजे?"

"दाणे येचून देऊ."

असं करून आम्हाला एक अंगणाएवढी जागा मिळाली. आधी चपला काढून सोयाबीनमधून पाय ओढत जायचं. तळव्यांना ऊन धरलेले दाणे लागायचे. मग दोघींचा खेळ. ती पुढे, मी अडवणारी. मग मी पुढे आणि ती अडवणारी. सुरुवातीला ती मला डाव्या हातानं हूल द्यायची आणि मी पाय एकात एक अडकून पडायचे.

"माय माय! अगं, तू पाय उचलून टाकायलीस," ती म्हणाली. "मेंढरू आडवताना काय करतेत? हात पसरायचे अन् सरकायचं. पायाला पाय लागू द्यायचा न्हाई. पाय अडकला की गेलं मेंढरू."

"म्हणजे तू मेंढरू?"

"मी न्हाई, तू. लय गरीब मेंढरू हायेस बघ. धक्का दे की जरा!"

तिन्ही हंगाम आम्ही तिथं खेळलो. मी हळूहळू पडायचं थांबले. नंतर ती मला चुकवू शकेना. मग ती चिडायची, बॉल आपटायची आणि पुन्हा यायची. पलीकडे सात जणींचा सराव संपून सर गेलेले असायचे. मी सुधारले, हे त्या शेतकरी मामांखेरीज कुणी पाहिलं नाही. ते सोयाबीन गोळा करता करता म्हणायचे, "आज ढेंगी जिंकली." ढेंगी म्हणजे लांब तंगड्यांची मी.

शेवटच्या वर्षी उज्ज्वला सरांकडे गेली. मी दाराशी उभी होते.

"सर, आमाला बी एकडाव आत सोडा."

सर हजेरी लिहीत होते. "अगं, खेळवलं असतं. पण पहिल्याच फेरीत घरी आलो, तर वरचे म्हणतेत, पुढच्या साली पोरींची टीम पाठवायचीच कशाला? मग कुणीच खेळणार न्हाई. ते चालंल का तुला?"

हे खरं होतं. सरांना हे दरवर्षी ऐकावं लागायचं.

"सगळा सामना कुठं मागायलाव, सर? एका पोरीची जागा द्या. अर्ध्यापर्यंत सविता, पुढं मी."

"ही काय पंगत हाय का, सगळ्यांना वाढायला?"

"पंगतीत शेवटच्याला उशिरा वाढतेत, सर. पण वाढतेत."

सर वर बघून हसले. मग पुन्हा हजेरी लिहायला लागले. "बरं. बघू," म्हणाले. त्यांच्या तोंडून 'बघू' म्हणजे हो असायचं. बाहेर आल्यावर मी तिला विचारलं, "आधी माझं नाव कशाला घेतलंस?" ती म्हणाली, "तुझी उंची हाय. तुला बघून त्यांना धीर येईल. मग मला सोडतील."

सामना परभणीला होता. चारपैकी दुसऱ्या भागात आमचा संघ थोडा पुढे होता. सरांनी वळून बाकाच्या टोकाकडे पाहिलं. "सविता, जा."

मी उठले आणि धावत सुटले. थेट कोर्टात.

शिट्टी वाजली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. मला बॉल पळवता येत होता, अडवता येत होता, रिंगखाली उडी घेता येत होती. पण बाकावरून आत कसं जायचं, हे मला माहीत नव्हतं. आधी टेबलावर सांगायचं असतं, रेफरी बोलावतात, मग जायचं. इतकी वर्षं माझ्या डोळ्यांसमोर सात मुली हे करत होत्या आणि मी दर वेळी त्यांच्या चेहऱ्याकडे बघत राहिले होते.

रेफरी वयस्कर होते. "बाळा, कुठं निघालीस?"

"खेळायला, सर."

हशा झाला. "मग टेबलावर सांगून ये. बॉल थांबलेला होता म्हणून वाचलीस. आणि मुठीत काय आहे ते?"

मी मूठ उघडली. रुमाल. त्यात साऱ्या संघाचे कानातले. आता तर समोरच्या संघाच्या मुलीही पोट धरून हसायला लागल्या. उज्ज्वला पळत आली आणि रुमाल ओढून घेतला. "आण इकडं! सोनं घेऊन बास्केट करतीस का? आन् तुझे बी काढ कानातले." तिनंच माझ्या कानातले फिरकीचे खडे सोडवले. तिची बोटं थंडगार होती.

मी आत गेले. समोरची त्यांची सगळ्यांत चपळ मुलगी बॉल घेऊन माझ्यावर आली. मी हात पसरले आणि सरकले. ती उजवीकडे वळली, मी तिथं होते. डावीकडे वळली, मी तिथंही होते. शेवटी तिनं बॉल मागे दिला. बाहेरून सरांचा आवाज आला, "अरे! ही कवा शिकली?"

मी एकही बास्केट केली नाही. पण माझ्या बाजूनं कुणी गेलंही नाही. मध्यंतराला मी धापा टाकत आले, तेव्हा उज्ज्वला ट्रॅकपँट काढून, अर्ध्या चड्डीवर, सरांच्या अगदी शेजारी बसली होती. कान मोकळे. रुमाल तिनं पाण्याच्या कॅनवर ठेवला होता.

पण तिसऱ्या भागात समोरच्यांनी दुसऱ्या बाजूनं बास्केटवर बास्केट केल्या आणि आमची आघाडी गेली. सरांनी जुन्या सात जणींनाच आत-बाहेर केलं. उज्ज्वला सरांकडे बघत होती, सर कोर्टाकडे. शेवटपर्यंत सामना अटीतटीचा झाला आणि आम्ही जिंकलो. सगळ्या जणी आत धावल्या, सरांना उचलायला निघाल्या. पुढच्या वर्षीची मुलींची टीम वाचली होती. सरांचं काही चुकलं असं मला तेव्हा म्हणता आलं नाही, आजही म्हणता येत नाही.

मला त्या गलक्यातलं एवढंच आठवतं: बाकाजवळ वाकून उज्ज्वला ट्रॅकपँट चढवत होती. आधी एक पाय, मग दुसरा. नाडी बांधून झाल्यावर ती आली आणि सगळ्यांच्या वर उड्या मारून नाचली.

दिवाळीनंतर ती कॉलेजला आली नाही. तिचं लग्न ठरलं होतं. मी सुट्टीवरून परतले, तेव्हा कोर्ट पूर्ण मोकळं होतं. सोयाबीन उचललेली, कोपऱ्यांत थोडं भुसकट. एवढं मोठं सिमेंट मी त्याआधी कधी पाहिलं नव्हतं. मी रिंगखाली जाऊन बॉल टाकत राहिले. बॉल बोर्डाला लागून लांब जायचा आणि तो आणायला मलाच जावं लागायचं. अडवायला कुणी नसलं की खेळाला काही चव राहत नाही. थोड्या दिवसांनी मी जाणं सोडलं.

त्या सामन्यानंतर सरांनी मला पुढे शिकायला सुचवलं. मी पदवी घेतली, खेळाच्या शिक्षणाचा कोर्स केला, आणि आता तासिका तत्त्वावर शिकवते. भाऊ अजून लोकांना सांगतात, "आमची पोरगी बालवाडीत न्हाई, कॉलेजात शिकविते." आईला मी आता गोल नसतात हे सांगत नाही. असतात म्हणते.

उज्ज्वलाचं सासर चारठाण्याच्या बाजूला आहे. तिथंही मेंढरं आहेत. घरात फोन एकच, तो नवऱ्यासोबत रानात असतो. कधी लागला तर मागून कळपाचा आवाज येतो आणि बोलणं 'बरं हाय ना, बरं हाय' यातच संपतं. तिच्याशी बोलायचं ते मनात साठत राहतं. ते ऐकून हसेल असं इथं मला कुणी नाही. संध्याकाळी मुलींचा सराव संपला, की मी खोलीवर येते, भाकरी टाकते, आणि दिवसभरात काय झालं ते कुणाला सांगावं हा विचार रोज नव्यानं येतो.

यंदा सामन्यांना निघायच्या आधी प्राचार्यांनी बोलावलं. "मॅडम, निदान पहिली फेरी तरी काढा. नाहीतर मुलींची टीम कशाला पाठवायची, असा प्रश्न येतोच." बोलणं तेच, माणसं वेगळी. मी संघाच्या खोलीत आले. बारा मुली बूट बांधत होत्या. त्यांतल्या चार-पाच जणी सवयीनं शेवटी बसल्या होत्या, आणि त्यांतली एक बाकीच्यांचे कानातले रुमालात गोळा करत होती. मी दारातच थांबले. सरांना तेव्हा काय वाटलं असेल, ते मला पहिल्यांदा पुरतं कळलं.

परवा तो सामना झाला. काल मी हे पत्र लिहिलं आणि आज सकाळी पेटीत टाकलं.

प्रिय उज्ज्वला,

फोन लागंना म्हणून लिहायलेय. मेंढरं आता सोयाबीनच्या रानात बसवली असतील. तुझ्या लेकीची तब्येत कशी हाय? चालायला लागली का?

काल आमचा सामना झाला. मी बाराच्या बारा पोरी आत सोडल्या. दुसरा भाग पूर्ण बाकावरच्यांना दिला. सगळ्यांचे कानातले आधीच काढून ऑफिसात ठेवले अन् टेबलावर कसं सांगायचं ते आठवडाभर शिकवलं. तरी एक जण आत जाऊन समोरच्यांच्या रिंगखाली उभी राहिली. मॅडम, इकडंच ऊन कमी हाय म्हणली. मला तुझी लय आठवण आली.

आमी हरलो. थोडक्यात हरलो, पण हरलो. प्राचार्यांनी अजून बोलावलं न्हाई. पुढच्या साली टीम असंल का न्हाई, मला माहीत न्हाई. असली तरी माझ्याकडं देतील का, ते बी माहीत न्हाई. पोरी येताना जीपमध्ये रडल्या. पण सगळ्या रडल्या, उज्ज्वला. टोकावरच्या बी. आपण हरलो की आपल्याला कधी रडू आलं न्हाई, आठवतं का? एवढंच मला तुला सांगायचं होतं, दुसऱ्या कुणाला हे कळणार न्हाई.

मी केलं ते बरोबर का चूक, तू सांग. सरांनी आपली टीम वाचवली अन् तुझी पाळी गेली. मी पाळ्या दिल्या अन् टीम कदाचित गेली. दोन्हीकडून काहीतरी जातंच असं वाटायलंय. पण त्या दिवशी सरांच्या शेजारी बसून तू वाट बघत होतीस, ते तोंड मला पुन्हा कुणाचं बघवलं नसतं.

दिवाळीला माहेरी येशील तेव्हा वाटेत मानवतला उतर. लेकीला घेऊन ये, ती माझ्या खोलीवर झोपंल न्हाई तर मैदानावर भुसकटात खेळंल. आमच्या कॉलेजात दोन्ही रिंगा चांगल्या हायेत. अर्ध्यापर्यंत मी खेळले होते. पुढचं तुझं हाय. बूट माझे होतील तुला, पुढं कापूस घालू. साडीवर आलीस तरी चालंल, पदर खोचून घे.

तू बॉल घेऊन ये, मी अडवते. तू आलीस म्हणून मी सोडणार मात्र न्हाई.

तुझी,
सविता